सेल्फ मागवण्याआधी

नळदुर्गहून सोलापूरकडे निघा किंवा हैदराबादकडे, महामार्गाच्या कडेला थोड्या-थोड्या अंतरावर एक पाटी भेटतेच : सेल्फ-डायनामो रिपेअरिंग. या रस्त्यावर वाढलेल्या माणसाला ‘स्टार्टर मोटर’ हा शब्द पुस्तकी वाटतो. त्याच्या लेखी तो सेल्फ, आणि सेल्फची भाषा त्याला कानाने येते. नुसतं कटकट-कटकट झालं तर बॅटरी उतरली. एकदाच ठक्क होऊन सगळं गप्प झालं तर सोलेनॉइड किंवा कार्बन. गरगर फिरून इंजिन पकडत नसेल तर बेंडिक्स गेली. हे ज्ञान कमी प्रतीचं मुळीच नाही. पेट्रोल-डिझेलच्या साध्या गाडीवर ते आजही नव्वद टक्के कामाला येतं. हाच माणूस किंवा त्याची मुलगी नोकरीसाठी अमेरिकेत जाते, पहिल्या काही महिन्यांत एखादी जुनी हायब्रिड गाडी विकत घेते, कारण ती पेट्रोल कमी पिते आणि गाडीवाचून तिथे दूध आणायलाही जाता येत नाही. मग एका सकाळी बटण दाबल्यावर गाडी हूं की चूं करत नाही. तोंडातून आपोआप निघतं, सेल्फ गेला. तिथे वर्षानुवर्षं राहिलेल्या मराठी घरांकडून नव्या घरांना गाडीबद्दल जे सल्ले मिळतात, त्यांतले या प्रसंगाचे सल्ले इथे एकत्र केले आहेत. सगळ्यांचं सार एका वाक्यात मावतं : निदान घरीच करा, पण सेल्फ मागवण्याआधी गाडीला सेल्फ आहे का ते बघा.

हे वाक्य चेष्टेचं नाही. टोयोटाची प्रायस डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीला आली आणि २००० साली अमेरिकेत पोहोचली. त्या पहिल्या गाडीपासून आजतागायत तिच्यात आपल्या अर्थाचा सेल्फ नाही. इंजिनाला जोडून एक ग्रहमालेसारखी गिअरची रचना असते आणि तिच्याशी दोन मोठ्या विद्युत मोटरी बांधलेल्या असतात. त्यांतली पहिली मोटर जनरेटरचं काम करते आणि गरज पडली की तीच इंजिनही फिरवते. फिरवते म्हणजे सेल्फसारखं रखडत नव्हे, तर क्षणात मिनिटाला हजारभर फेऱ्यांच्या घरात नेते, त्यामुळे तो ओळखीचा घर्र-घर्र आवाज होतच नाही. फोर्डच्या एस्केप हायब्रिडची रचनाही याच धाटणीची. आपल्याकडे २०२२ मध्ये आलेल्या मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्त्यांतही टोयोटाचीच ही पद्धत आहे. अशा गाडीत दात असलेलं पिनियन नाही, बेंडिक्स नाही, फ्लायव्हीलच्या रिंगवर आदळणारं काही नाही. जे नाही ते बदलणार कसं? ट्रान्सअ‍ॅक्सलच्या, म्हणजे त्या गिअरपेटीच्या, पोटात बसवलेली ती मोटर घराच्या अंगणात दोन बोल्ट काढून हाती येणारी वस्तू नव्हे, आणि ती स्वतःहून खराब होण्याचे प्रसंगही विरळा.

मग बटण दाबल्यावर गाडी मेली कशाने? बहुतेक वेळा त्या लहानशा १२ व्होल्टच्या बॅटरीने. हायब्रिडमध्ये दोन बॅटऱ्या असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण दोघींची कामं कोणती ते फारसं कुणी विचारत नाही. मोठी बॅटरी गाडी ओढते. लहान बॅटरी संगणक जागे करते, दिवे लावते आणि मुख्य म्हणजे मोठ्या बॅटरीचा दरवाजा उघडणारे रिले ओढून धरते. लहान उतरली की मोठीत कितीही वीज भरलेली असो, ती आतच बंद राहते. वाड्यात धान्याची कणगी भरलेली आणि कोठारघराची किल्ली हरवलेली, असा हा प्रकार. त्यातही गंमत अशी, की या बॅटरीला इंजिन फिरवायचं नसल्याने तिच्याकडून फार थोडा करंट मागितला जातो. साध्या गाडीत बॅटरी म्हातारी होऊ लागली की सेल्फ सुस्त फिरून महिना-दोन महिने आधी वर्दी देतो. इथे वर्दी देणारा कुणीच नाही. काल संध्याकाळपर्यंत सुरळीत चाललेली गाडी आज सकाळी डॅशबोर्डवर चार दिवे विचित्र लुकलुकवते आणि थांबते. दिवाळीला तीन आठवडे गावी येऊन परत गेलेल्या घरांना हा अनुभव हमखास येतो, कारण उभ्या गाडीतही चोरघंटा आणि बिनचावीचं कुलूप थोडी-थोडी वीज पीतच असतात.

म्हणून पहिलं हत्यार पाना नव्हे, मल्टिमीटर. गाडी काही तास बंद राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांवर लावून बघा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती भरलेली आहे; १२ च्या खाली गेला तर उतरलेली; ११ किंवा त्याहून कमी असेल तर शोध बहुधा तिथेच संपतो. गाडी ‘रेडी’ झाल्यावर हाच आकडा १४ च्या जवळपास चढला पाहिजे, कारण हायब्रिडमध्ये डायनामोच्या जागी एक कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून लहान बॅटरीला चार्ज करत असतो. आकडा चढत नसेल, तर नवी बॅटरीही आठवड्यात उतरेल आणि मग दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. बॅटरी शोधताना मात्र चकायला होतं. २००४ ते २०१५ या काळातल्या प्रायसमध्ये ती बॉनेटखाली नाही, मागच्या डिकीत उजव्या कोपऱ्यात आहे. डिकीचं कुलूप विजेवर उघडतं. वीज तर गेलेली! अशा वेळी रिमोटच्या पोटात लपवलेली धातूची छोटी किल्ली बाहेर ओढायची, ड्रायव्हरचा दरवाजा हाताने उघडायचा, बॉनेट उघडून फ्यूजच्या पेटीतलं लाल झाकण वर करायचं. तिथे जंपसाठी धन टोक दिलेलं असतं. लाल वायर तिथे, काळी वायर रंग नसलेल्या लोखंडाला. वायरी उलट लागल्या तर मात्र कपाळमोक्ष. साध्या गाडीत फ्यूजवर निभावतं, इथे इन्व्हर्टरपर्यंत आच पोहोचू शकते आणि तो भाग बॅटरीच्या कित्येक पट महाग. ही १२ व्होल्टची बॅटरी बदलणं हे मात्र घरच्या घरी करण्याचं काम आहे. एवढंच बघा, की बॅटरी प्रवाशांच्या बाजूला डिकीत असेल तर नवीही वायू बाहेर नेणारी नळी जोडता येईल अशाच जातीची घ्यायची.

आता यावर पहिला आक्षेप ठरलेला : सगळ्या हायब्रिडना सेल्फ नसतो असं कुठे आहे? बरोबर आहे, नसतोच असं नाही. होंडाच्या जुन्या इनसाइट आणि सिव्हिक हायब्रिडमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध एक चपटी मोटर असते आणि रोज तीच इंजिन उठवते. पण जोडीला १२ व्होल्टचा साधा सेल्फही ठेवलेला आहे. कडाक्याची थंडी पडली किंवा मोठी बॅटरी फार उतरली, की पाळी त्याच्यावर येते. आपल्याकडच्या मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड गाड्यांत पट्ट्यावर चालणारा स्टार्टर-जनरेटर असतो आणि थंड इंजिन पहिल्यांदा उठवायला नेहमीचा सेल्फही. होंडाच्या त्या गाड्यांचं दुखणं फसवं असतं. वर्षभर काम न पडलेला सेल्फ आतून गंजत राहतो, आणि मिनेसोटाच्या जानेवारीत, जेव्हा शिसं-आम्लाची बॅटरीही निम्म्या ताकदीवर आलेली असते, नेमकं त्याला बोलावलं जातं. तिथे ठक्क ऐकू आलं तर नळदुर्गच्या कानावर पूर्ण विश्वास ठेवा, आणि हो, हा सेल्फ घरी बदलता येतो. मॅन्युअल सांगत असेल तिथे आधी मागच्या सीटमागचा मोठ्या बॅटरीचा स्विच बंद करून सांगितलेला वेळ थांबायचं. मग १२ व्होल्टचं ऋण टोक सोडवायचं. ते पहिल्यांदा सुटतं आणि शेवटी जोडलं जातं. खालून काम असेल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवायची नाही, स्टँड लावल्याशिवाय तिच्याखाली शिरायचं नाही. जाड वायरचा नट, बारीक वायरचं सॉकेट, दोन लांब बोल्ट. जुना आणि नवा शेजारी ठेवून पिनियनचे दात मोजायचे, बोल्टांच्या भोकांचं अंतर जुळवायचं, मगच चढवायचा. अमेरिकेत दुकानदार नव्या नगावर ‘कोअर चार्ज’ म्हणून अनामत घेतात. जुना नेऊन दिला की ती परत मिळते. म्हणून खोलला तो सेल्फ भंगारात टाकू नका. आणि खोलण्याच्या खटाटोपात पडण्याआधी बॅटरी-सेल्फ फुकट तपासून देणारी पार्टची मोठी दुकानं तिथे गावोगाव आहेत, त्यांतली बरीचशी अनामतीवर हत्यारंही वापरायला देतात, हे नव्या माणसाला कुणी सांगत नाही.

दुसरा आक्षेप अभिमानाचा आहे आणि म्हणून जास्त जोरात येतो : आपला मिस्त्री ट्रकचं आर्मेचर रस्त्याच्या कडेला बसून भरतो, त्याला मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरीची भीती कसली दाखवता? भीती कौशल्याच्या कमतरतेची नाही, सवयीची आहे. आपली सगळी सवय एका गृहीतावर उभी आहे, की गाडीचं लोखंडी अंग म्हणजे अर्थिंग. ऋण टोक बॉडीला, धन टोक वायरीने. टेस्टर बॉडीला टेकवून दिवा लागतो का बघायचं. १२ व्होल्टच्या बाबतीत हे हायब्रिडमध्येही खरं आहे. पण मोठ्या बॅटरीचं एकही टोक बॉडीला जोडलेलं नसतं. तो सगळा मार्ग लोखंडापासून वेगळा, स्वतःच्या आवरणात चालतो. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. पावसाळ्यात नर आणि मादी दोन्ही धबधबे अंगावर आल्यासारखे कोसळतात आणि आत खिडकीशी उभा माणूस कोरडा राहतो. ते भिंत शाबूत आहे तोवर. हायब्रिडच्या नारिंगी वायरींचं आवरण ही ती भिंत. २००४ पासूनच्या दुसऱ्या पिढीच्या प्रायसमध्ये मोठी बॅटरी २०१.६ व्होल्टची आहे आणि इन्व्हर्टर तो दाब ५०० व्होल्टपर्यंत चढवतो. तिसऱ्या पिढीत ६५० पर्यंत. घरातला २३० व्होल्टचा झटका खाऊन ‘काही होत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण मोठ्या बॅटरीची वीज सरळ प्रवाहाची आहे, आणि आंतरराष्ट्रीय नियमांत अशा विजेचा धोक्याचा उंबरठा ६० व्होल्टवरच धरलेला आहे. शिवाय मोठ्या बॅटरीचा मार्ग तोडणारा सर्व्हिस प्लग ओढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज उरते, म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितलेली मिनिटं गाडी तशीच सोडण्याची सूचना आहे. १००० व्होल्टच्या दर्जाचे, छिद्र नाही हे फुंकून तपासलेले रबरी हातमोजे घालणारा आणि शून्य व्होल्ट मीटरवर दिसल्याशिवाय हात न घालणारा प्रशिक्षित मिस्त्रीच तिथे काम करतो. तो हुशार आहे म्हणून नव्हे, त्याची सवय वेगळी घडवली आहे म्हणून. आणि सोलेनॉइडच्या दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर टेकवून गाडी उठवणं, किंवा चार जणांनी मिळून धक्का मारणं, ही आपली दोन्ही ब्रह्मास्त्रं विसरून जा. सेल्फ नसलेल्या हायब्रिडला कितीही ढकला, ती धक्क्याने सुरू होत नाही.

तिसरा मुद्दा पैशाचा आणि तो खोटा नाही. अमेरिकेत मजुरी तासावर लागते आणि डीलरकडचं बिल पाहून नवा माणूस हबकतो. पण घरी करायचं की नाही हा प्रश्न ‘डीलर किंवा अंगण’ असा दोनच पर्यायांत मांडला की चुकतो. मोठ्या शहरांत केवळ हायब्रिड करणारी स्वतंत्र गॅरेजं आहेत. १९७५ च्या वॉरंटीविषयक संघीय कायद्यानुसार, बाहेर काम करून घेतलं किंवा दुसऱ्या कंपनीचा भाग बसवला, एवढ्याच कारणावरून कंपनी वॉरंटी रद्द करू शकत नाही. उलट जुनी गाडी घेताना हायब्रिड भागांची वॉरंटी उरली आहे का, हे विचारायलाच लोक विसरतात. टोयोटाची ती ८ वर्षं किंवा १ लाख मैलांची असते, आणि २०२० च्या मॉडेलपासून मोठ्या बॅटरीला १० वर्षं किंवा दीड लाख मैल. वॉरंटीत बसणारं काम अंगणात करणं म्हणजे स्वतःचं नुकसान स्वतःच्या हाताने. शिवाय अंगण तरी आपलं कुठे असतं? भाड्याच्या अपार्टमेंटच्या करारात पार्किंगमध्ये गाडी खोलायला मनाई करणारं कलम बहुधा असतंच, आणि ते वाचायची वेळ नेमकी गाडी जॅकवर चढवल्यावर येते.

राहिले ते व्हिडिओ. ‘हायब्रिड स्टार्टर’ शोधलं की अर्ध्या तासात काम उरकणारे हात दिसतात. त्यांतले बरेच खरे आहेत, फक्त ते दुसऱ्या गाडीचे आहेत. ह्युंदाई सोनाटा हायब्रिडमधला पट्ट्यावरचा स्टार्टर-जनरेटर बाहेरून डायनामोसारखाच दिसतो, पण त्याला जाणारी वायर नारिंगी आहे आणि दाब शेकडो व्होल्टचा. होंडाच्या सेल्फला जाणारी वायर साधी आहे आणि दाब १२ चा. तेव्हा व्हिडिओ लावण्याआधी आपल्या गाडीचं नेमकं मॉडेल आणि वर्ष घेऊन मॅन्युअल उघडा, भागांच्या यादीत ‘स्टार्टर’ आहे का बघा, आणि असेल तर त्याला जाणाऱ्या वायरीच्या रंगाची डोळ्यांनी खात्री करून घ्या. नारिंगी दिसली तर बॉनेट बंद करून गॅरेजला फोन.

आणि हे सगळं राहू दे बाजूला, रिमोटमधली ती धातूची किल्ली आज संध्याकाळी एकदा बाहेर काढून तिने दरवाजा उघडून बघा. जुन्या गाड्यांत ती पुष्कळदा आधीच्या मालकाच्या घरीच राहिलेली असते.