वायफाय चालू होईना? रिसेट मारण्याआधी थांबा



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आपल्या एका सीआरपी ताईंनी सकाळीच मला व्हॉट्सअ‍ॅप कॉल केला, तोही शेजारणीच्या मोबाईलवरून. "मॅडम, माझ्या फोनचं वायफाय चालूच होईना. बटण सरकवते, ते परत मागं जातं." त्यांच्या गावात मोबाईलला रेंज नाही. गटांच्या नोंदी त्या फोनमध्ये भरून ठेवतात आणि ग्रामपंचायतीच्या वायफायवर आल्या की वर चढवतात. मी बसमध्ये होते, घाईत होते. म्हटलं, "ताई, फॅक्टरी रिसेट करून टाका, होईल चालू."

त्यांनी केलं. वायफाय काही चालू झालं नाही. पण फोन मात्र कोरा झाला. गेले तीन आठवडे वायफाय मधूनच जात होतं, त्यामुळे ११ गटांच्या नोंदी वर चढल्याच नव्हत्या. त्या सगळ्या गेल्या. दोन गटांचा कर्जप्रस्ताव त्याच आठवड्यात बँकेत द्यायचा होता. इंटरनेट नाही म्हणून अ‍ॅपही परत घेता येईना. कागदी रजिस्टर नीट लिहिलेली होती म्हणून आम्ही दोघी चार दिवस बसून सगळं पुन्हा भरू शकलो. ताई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नंतर एका दुरुस्तीवाल्या दादांकडून आणि स्वतः खटपट करून जे समजलं, ते या लेखात सांगते.

आपण सगळ्याला मिळून 'नेट गेलं' म्हणतो. पण फोनमध्ये हवेतून बोलणारे भाग वेगवेगळे असतात. सिमची रेंज पकडणारा भाग वेगळा. वायफाय आणि ब्लूटूथ हे बहुतेक फोनमध्ये एकाच चिपवर असतात, आणि ती चिप मुख्य बोर्डावर डाग देऊन बसवलेली असते. म्हणून वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही एकाच वेळी मेले, तर संशय त्या चिपवर घ्यायचा. हॉटस्पॉटही त्याच चिपवर चालतो, तोही सुरू होणार नाही. पण सिमचं इंटरनेट, म्हणजे मोबाईल डेटा, तेव्हाही चालू असू शकतो! आमच्या ताईंच्या फोनचं हेच झालं होतं. त्या गुरुवारी बाजाराला तालुक्याला येणारच होत्या. तिथे रेंज आहे. डेटा चालू करून पाच मिनिटांत नोंदी वर चढल्या असत्या.

आता बिघाड ओळखायचा कसा?

आधी साध्या गोष्टी करून घ्या. विमानाचं चिन्ह असतं तो मोड चालू करून अर्ध्या मिनिटाने बंद करा. फोन बंद करून पुन्हा चालू करा. मग सेटिंगमध्ये 'नेटवर्क सेटिंग रिसेट' शोधा. हे फॅक्टरी रिसेट नव्हे. यात फोटो, अ‍ॅप, नोंदी जात नाहीत. वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या मात्र पुसल्या जातात. पासवर्ड आधी कागदावर लिहून घ्या. दोन्हींची नावं सारखीच वाटतात, त्यामुळे दाबण्याआधी पडद्यावरचं सगळं वाचा. 'सर्व डेटा मिटवा' असं दिसलं तर मागे फिरा.

एवढं करूनही जमलं नाही, तर नेमकं काय होतंय ते नीट बघा. इथेच खरी पारख आहे. वायफाय चालू होतं, नावंही दिसतात, पण राउटरच्या अगदी जवळ गेल्याशिवाय जोडलं जात नाही, असं असेल तर चिप बहुधा ठीक आहे. अँटेनाची बारीक तार किंवा तिचा टेकू सुटला असेल. फोन पडल्यावर किंवा मागचं झाकण बदलून घेतल्यावर असं होतं, आणि हे काम तुलनेने स्वस्तात होतं. पण बटणच चालू राहत नाही, राखाडी पडलंय, तासभर 'चालू होत आहे' असंच दाखवतंय, आणि 'फोनविषयी'मध्ये वायफायचा पत्ता 'उपलब्ध नाही' असं येतंय, तर दुखणं चिपचं असण्याची शक्यता जास्त. आधी काही आठवडे मधूनच जाणं, फोन तापला की बंद पडणं, गार झाला की परत येणं, हीसुद्धा त्याचीच खूण. आमच्या ताईंनी हे मला आधी सांगितलं होतं. मीच कानाआड केलं. कधी कधी कंपनीच्या नव्या अपडेटनंतरही असं होतं, म्हणून आणखी एक अपडेट आलंय का तेही बघून ठेवा.

सिमचं दुखणं असेल तर अदलाबदल हाच उत्तम उपाय. आपलं सिम दुसऱ्याच्या फोनमध्ये घालून बघा आणि त्यांचं आपल्या फोनमध्ये. आपलं सिम तिकडेही चालत नसेल तर सिम गेलंय, फोन नाही. कंपनीच्या केंद्रावर आधार घेऊन जा. नवीन सिम सुरू झाल्यावर २४ तास मेसेज येत-जात नाहीत, म्हणजे त्या दिवशी ओटीपी येणार नाही. बँकेचं काम त्या दिवशी ठेवू नका. दुसऱ्याचं चांगलं सिमही आपल्या फोनमध्ये चालत नसेल, तर सिमचा दुसरा कप्पा वापरून बघा. तरीही नाही, तर *#०६# डायल करा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर यायला हवा. तो कोरा किंवा सगळी शून्यं आली तर बिघाड आतला आहे, सॉफ्टवेअरचा किंवा बोर्डाचा. इथे एक सावधगिरी. "दुसरा नंबर टाकून देतो" असं कोणी म्हणालं तर फोन उचला आणि बाहेर या. आयएमईआयशी छेडछाड हा गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

आता महत्त्वाचं. एक भाग मेला म्हणून फोन मेला नाही. वायफाय गेलं असेल तर मोबाईल डेटावर काम करा. कार्यालयातल्या कॉम्प्युटरला नेट द्यायचं असेल आणि हॉटस्पॉट चालत नसेल, तर चार्जिंगची केबल जोडून सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, केबलमधून नेट जातं. उलट सिमचा भाग गेला असेल तर दुसऱ्या ताईंच्या हॉटस्पॉटवर वायफायने जोडा, आणि सिम काढून साध्या बटणफोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी तिथे येतील. फक्त जिओचं सिम जुन्या २जी बटणफोनमध्ये चालत नाही, ४जी चालणारा फोन लागतो. पैसे पाठवायची यूपीआय अ‍ॅप मात्र सिम त्याच फोनमध्ये आहे का ते तपासतात, ती अडू शकतात. बीसी सखींनो, तुमचं पावतीचं छोटं प्रिंटर ब्लूटूथवर असेल तर ते थांबेल. पण अंगठ्याचं यंत्र केबलने जोडलेलं असेल तर आधारचा व्यवहार चालेल. तोवर पावती हाताने लिहून द्या, पण द्याच.

दुरुस्तीला देण्याआधी फोनमधलं सगळं बाहेर काढून ठेवा. हवेतून जात नसेल तर तारेने. कॉम्प्युटरला केबल लावा, फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडा आणि फोटो, कागदपत्रं उतरवून घ्या. कॉम्प्युटर नसेल तर ओटीजीची छोटी पिन आणि पेनड्राइव्ह चालतो. अ‍ॅपमधल्या नोंदी मात्र अशा उतरत नाहीत, त्या कुठल्या तरी मार्गाने नेट मिळवून वर चढवाव्याच लागतात. जमत नसेल तर पडद्याचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. पंचसूत्रीतल्या पाचव्या सूत्रात नियमित लेखे म्हटलंय, आणि बँकेचे साहेब फोन बिघडल्याचं कारण ऐकून घेत नाहीत.

दुकानात जाताना सिम आणि मेमरी कार्ड काढून घरी ठेवा. ओटीपी किंवा यूपीआय पिन दुरुस्तीवाल्याला कधीच लागत नाही. फोनचं लॉक मागितलं तर शक्यतो समोर उभं राहून स्वतः उघडून द्या. काही फोनमध्ये दुरुस्तीसाठी वेगळा मोड असतो, त्यात आपले फोटो, मेसेज दिसत नाहीत. आहे का ते विचारा. फोन घेऊन एक वर्ष झालं नसेल तर बाहेर उघडू देऊ नका, बिल शोधा आणि कंपनीच्या सेवा केंद्रात न्या. पाण्याने किंवा पडून झालेला बिघाड वॉरंटीत बहुधा बसत नाही, तरी विचारायला पैसे पडत नाहीत. वॉरंटी असून टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

वॉरंटी संपली असेल तर दुकानदाराला सरळ विचारा: "चिप बदलणार, का नुसती हीट मारणार?" हीट मारणं म्हणजे गरम हवेने जुना डाग पुन्हा बसवणं. त्याने वायफाय त्याच दिवशी चालू होतं आणि बरेचदा काही आठवड्यांनी परत जातं. त्यासाठी चिप बदलण्याएवढे पैसे देऊ नका. काय बदललं आणि किती दिवसांची गॅरंटी, हे पावतीवर लिहून घ्या. आणि डेटावर तुमचं काम भागत असेल, तर दुरुस्त न करणं हाही एक निर्णय आहे. आमच्या ताईंनी तोच घेतला. त्यांचा तोच फोन अजून चालू आहे. दर गुरुवारी बाजाराची पिशवी खाली ठेवून त्या एसटी स्टँडवर नोंदी चढवतात आणि मला अंगठ्याचं चिन्ह पाठवतात.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपली चार्जिंगची केबल आणा. यूएसबी टेदरिंग आणि पेनड्राइव्हवर उतरवणं, दोन्ही तिथेच हाताने करून बघू. पेनड्राइव्ह आणि ओटीजीची पिन मी आणते.