पैसे तासाचे, गाद्याचे नाहीत

आमचं घर नवी मुंबईतल्या सारसोळ्यात, जेट्टीपासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी बाबांबरोबर खाडीत जायचो. ओहोटीच्या चिखलावर फ्लेमिंगो उतरलेले दिसले की बाबा लांबूनच मशीन बंद करायचे आणि वल्ह्यावर होडी काढायचे. "पाखरा उठवून काय भेटल रं तुला?" एवढंच म्हणायचे.

असा मी, खाडीत वाढलेला, दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मालवणजवळच्या देवबागला डॉल्फिन बघायला गेलो आणि किनाऱ्यावरच घासाघीस सुरू केली. "दिसले तर पैसे, नाहीतर नाही." होडीवाल्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग नुसती मान हलवली. आपण फार हुशारी केली असं मला वाटलं. सगळी चूक तिथेच झाली होती.

कर्ली नदी समुद्राला मिळते तिथून बाहेर पडलो तोवर आणखी चार होड्या आल्या होत्या. एक पाठ वर आली, कोणीतरी ओरडलं आणि पाचही होड्या तिकडे धावल्या. पाठ गायब. पुन्हा दुसरीकडे. मीच उभा राहून "जवळ घ्या, अजून जवळ!" करत होतो. तेवढ्यात होडी गर्रकन वळली आणि माझ्या मुलीची हनुवटी फळीवर आपटली. रक्त बघून होडीवाल्याने मशीन बंद केलं आणि प्रथमोपचाराची पेटी शोधायला वाकला. बाकीच्या होड्या तोवर लांब गेल्या होत्या.

मी रुमाल दाबून धरला होता. पाणी शांत झालं. आणि मागून आवाज आला, फुस्स... सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडावी तसा. दहा-बारा हातांवर एक राखाडी पाठ, मधोमध उंचवटा, त्यावर छोटासा पर. तिला चिकटून एक फिकट पाठ, निम्म्याने लहान. रडायचं विसरून मुलगी बघत राहिली.

"वायच थांबलाव तर ते आपसूक येतत," होडीवाला म्हणाला.

"मग आधी का नाही थांबलास?"

"गादे दिसले नसते तर तुमी पैशे दिले असतास?"

मालवणला दोन टाके पडले. फोनमधल्या व्हिडिओंत नुसता फेस आहे आणि माझा आरडाओरडा.

गादा म्हणजे डॉल्फिन. आपल्या किनाऱ्याजवळ दिसतो तो बहुतेक हाच, पाठीवर उंचवटा असलेला. उथळ पाण्यात, खाड्यांच्या मुखाशी तो वावरतो. वाट आणि भक्ष्य तो आवाजाच्या प्रतिध्वनीवरून शोधतो. पाच मशिनांच्या गोंगाटात त्याला काय कळणार? जाहिरातीच्या फलकावरच्यासारख्या उड्या मारेल ही आशाही धरू नका, तो बहुधा श्वासापुरती पाठ दाखवतो. राहिला देवमासा. 2015 साली कुणकेश्वरसमोरच्या समुद्रात अभ्यासकांना निळा देवमासा दिसला हे खरं, पण तासाभराच्या फेरीत तो मागू नका. डॉल्फिन असो की देवमासा, 1972च्या वन्यजीव कायद्याने दोघांनाही पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. त्यांना पिटाळणं हा गमतीचा भाग नाही.

तेव्हा जाणाऱ्यांनी सकाळी लवकर निघावं. दुपारी वारा उठला की लाटांत पाठ ओळखू येत नाही. लाइफ जॅकेट नुसतं अडकवू नका, पट्टे आवळा, आणि पोरांना फळीच्या कडेला बसवू नका. डॉल्फिन दिसले की होडी लांबच ठेवायला सांगा, मशीन बंद करायला लावा. माय-पिल्लाच्या मध्ये तर कधीच शिरू नका. ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला बोटीने जाल तेव्हाही हेच.

आणि होडी ठरवतानाच सांगून टाका: "दादा, पैसे तासाचे देतो. दिसले नाहीत तरी देतो."