विहिरीवरचा उंबर

गेल्या उन्हाळ्यांत एका लहान खेड्यांतील मंडळीस भेट देण्याचा आम्हांस योग आला. तेथील उपासनामंदिराच्या आवारांत, विहिरीच्या काठीं, एक जुना उंबर आहे. त्याच्या सावलींत बायका धान्य निवडतात व मुलें खालीं पडलेलीं उंबरें वेंचतात. त्या दिवशीं मात्र त्याच सावलींत मोठा वाद चालला होता. झाड ठेवावें कीं तोडावें? तरुण मंडळीचें म्हणणें असें कीं, आमचे आजे याच बुंध्यास दोरा गुंडाळीत व दिवा लावीत. शेजारचे लोक अद्याप औदुंबरास दत्ताचें स्थान मानतात. मग तें आमच्या आवारांत कशास हवें? हिज्कीया राजानें मोशेचा पितळी साप फोडिला, हें प्रमाणही त्यांनीं पुढें केलें. एका वृद्ध बाईंनीं एवढेंच विचारिलें, "बाबांनो, मग विहिरीवर सावली कोणाची?" उपदेशकांनीं आमच्याकडे पाहिलें. त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. घरीं येऊन शास्त्र उघडल्यावर जें सांपडलें तें वाचकांपुढें ठेवितों.

जक्कय ज्यावर चढला तें झाड आपल्या मराठी शास्त्रांत उंबर म्हणूनच सांगितलें आहे (लूक 19). पालेस्टाईनांतील तो उंबर आपल्या उंबराहून थोडा निराळा, पण सख्ख्या भावासारखा. त्याच्या फांद्या खालपासूनच फुटून आडव्या पसरतात. म्हणून ठेंगण्या माणसास तो सोईचा. आमोस संदेष्टाही आपली ओळख गुराखी व उंबरांची निगा करणारा अशीच करून देतो (अध्याय 7). ही निगा म्हणजे काय, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. त्या देशांत व मिसरांत कच्च्या फळास सुरीनें चीर पाडीत, म्हणजे तें थोड्याच दिवसांत पिकून गोड होई. झाडावर चढून एकेक फळ हातीं घ्यावयाचें, असें तें कंटाळवाणें काम होतें. अशा हातांच्या मनुष्यास देवानें राजाच्या देवस्थानीं बोलावयास पाठविलें.

दुर्मिळ मनुष्यास आपण उंबराचें फूल म्हणतों. वास्तविक त्या झाडास फुलें शेंकडों येतात, पण तीं फळाच्या पोटांत दडलेलीं असतात. टोंकाच्या बारीक छिद्रांतून चिलटाएवढी एक गांधीलमाशी पराग घेऊन आंत शिरते, अंडीं घालते व बहुधा तेथेंच मरते. तिचीं पिलें पुढें पराग घेऊन दुसरें फळ शोधावयास निघतात. उंबर फोडतांच जे किडे उडतात ते हेच. पालेस्टाईनांत ही माशी नाहीं. म्हणून तेथील उंबरांत रुजणारें बीं धरत नाहीं आणि झाड वाढवावयाचें तें फांदी लावूनच. यरीहोच्या वाटेवरील तें झाडही कोणा विसरलेल्या माणसानेंच लाविलें असावें, असें आम्हांस वाटतें.

हें झाड मोठ्या मानाचें नव्हे. शलमोनानें गंधसरू उंबरांइतके विपुल केले असें लिहिलें आहे, त्यावरून उंबराचा भाव कळतो. तरी दाविदानें उंबरांवर अधिकारी नेमिला होता (1 इतिहास 27). आपल्याकडेही त्याचें लांकूड तुळईच्या कामाचें नाहीं; परंतु पाण्याखालीं तें टिकतें, म्हणून विहिरीच्या कामीं येतें. वराहमिहिरानें 6 व्या शतकांत, बृहत्संहितेंत, झाडांवरून जमिनींतील पाणी ओळखण्याच्या खुणा दिल्या, त्यांत उंबरही आहे. जुने शेतकरी आजही उंबर पाहून विहिरीची जागा धरितात.

आतां हिज्कीयाचें प्रमाण. तें खरें आहे, व तें हलकें करून सांगणें योग्य नव्हे. परंतु तेथेंच लिहिलें आहे कीं त्या दिवसापर्यंत लोक त्या सापास धूप जाळीत होते (2 राजे 18). या उंबरास दोरा गुंडाळणारा आतां कोण आहे? उद्यां कोणी गुंडाळूं लागला, तर प्रथम त्या मनुष्याशीं बोलावें लागेल. कुऱ्हाडीनें त्याचें मन पालटणार नाहीं. नगराला वेढा घातला असतांही फळझाडास कुऱ्हाड लावूं नये, अशी नियमशास्त्राची आज्ञा आहे (अनुवाद 20). आणि यशयाच्या 9 व्या अध्यायांत उंबर गेले तर गंधसरू लावूं असें म्हणणारे भेटतात. संदेष्टा त्यांच्या या बोलण्यास गर्व म्हणतो. दोऱ्याचा व दिव्याचा अर्थ माणसांनीं त्या बुंध्यावर चढविला होता, आणि माणसांनींच तो उतरविला. झाड पूर्वींही विहिरीवर सावली धरीत होतें.

हें सर्व आम्हीं उपदेशकांस लिहून कळविलें. त्यांचें उत्तर आलें आहे. निकाल अजून लागलेला नाहीं. पुढची सभा मात्र उंबराखालींच भरावयाची आहे, कारण मंदिरांत फार उकडतें.