खाली विस्तव, वर विस्तव : मुलांच्या खाण्याविषयी एक अभ्यास

तृतीय वर्ष कला

गृहअर्थशास्त्र हा विषय घेतला म्हणजे "कॉलेजात जाऊन शेवटी स्वयंपाकच शिकायचा ना?" हा प्रश्न ठरलेलाच असतो. विचारणारे बहुधा तेच असतात, ज्यांना दोन्ही वेळचे ताट आयते मिळते. सहा वर्षांच्या मुलाला न रडवता, न दटावता आणि समोर मोबाईल न धरता जेवू घालण्याचे काम एक आठवडाभर त्यांच्याकडे सोपवावे. चर्चा मग पुढे करू.

हे काम गेले वर्षभर माझ्याकडे आहे. दादाची दोन मुले. पुतणी नऊ वर्षांची, पुतण्या सहा वर्षांचा. वहिनी नोकरीसाठी तालुक्याच्या गावी जातात, त्या परत येईपर्यंत सात वाजतात. आईचे गुडघे आता तिला ओट्याशी फार वेळ उभे राहू देत नाहीत. मुले शाळेतून पाचला येत, भुकेने कासावीस झालेली असत, आणि हाताशी असे तो बिस्किटाचा पुडा. पाच वाजता चहात बुडवून सहा-सात बिस्किटे, आणि आठ वाजता ताटावर रडारड, हा रोजचा क्रम होता. मागल्या वर्षी धाकट्याचे रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन कमी निघाले. डॉक्टरांनी औषध लिहून दिले आणि जाता जाता सांगितले, "घरचे जेवण पोटात जाऊ द्या." घरचे जेवण तर रोजच होत होते; ते मुलाच्या पोटात जात नव्हते, हीच तर अडचण होती. वर्गात शिकलेले आहारशास्त्र घरच्या ताटात उतरते की नाही, ते पाहण्याची वेळ आली.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की, भांडण आठ वाजता होत असले तरी त्याचे कारण पाच वाजता घडत होते. लहान मुलाचे पोट ते केवढे! त्याला मोठ्यांसारखे दोन वेळा भरपेट जेवता येत नाही; थोडे थोडे, पण अधिक वेळा लागते. मैदा, साखर आणि तेल यांनी ते पोट पाचला भरले, की आठची भूक मेली. त्यात चहा. चहातील टॅनिनमुळे धान्य-भाजीतले लोह शरीरात नीट शोषले जात नाही, हे आम्ही पाठ्यपुस्तकात वाचले होते आणि घरी रक्त कमी असलेल्या मुलाला बशीभर चहा देत होतो. तेव्हा चहा बंद झाला आणि पाच वाजताचे खाणे हे 'मधले खाणे' न राहता एक छोटे जेवणच असावे, असे मी ठरवले. आठला मूल कमी जेवले तरी मग चिंता नाही.

पण छोटे जेवण म्हणजे काय? पोळी-भाजी पुढे केली की "नको" हे उत्तर तयार. येथे मुलांची बाजूही समजून घेतली पाहिजे. दोन ते सहा या वयात मुलांना नव्या चवीचे भय असते. एखादा पदार्थ आपलासा करण्यापूर्वी तो आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा, पुढ्यात यावा लागतो. आपण दोनदा देतो आणि "याला भाजी आवडतच नाही" असा शिक्का मारून मोकळे होतो. दुसरीकडे हल्ली भाजी वाटून, गाळून, पिठात दडवून मुलांना फसवण्याची टूम निघाली आहे. मला ती पसंत नाही. फसवून खाल्लेली कोबी ही मुलाच्या लेखी कोबी नसतेच. ओळख व्हायची तशीच राहून जाते.

मग मुलांना बिस्किटात, केकमध्ये नेमके काय आवडते? गोडवा तर आहेच. पण त्याखेरीज दोन गुण आहेत. पदार्थ हातात धरून खाता येतो, आणि त्याला वरून खमंग, तांबूस पापुद्रा असतो. पाण्यात शिजलेला किंवा वाफवलेला पदार्थ १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, म्हणून इडली पांढरी ती पांढरीच राहते. भाजताना मात्र वरचा थर कोरडा होतो, आणि साधारण १४० अंशांच्या पुढे त्यातील प्रथिने व शर्करा यांची परस्परांवर क्रिया होऊन तो रंग आणि तो वास निर्माण होतो. मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. आपल्या आज्या-पणज्यांना मायार ठाऊक नव्हते. पण पातेल्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवायचे हे त्यांना पक्के ठाऊक होते. ओव्हन म्हणजे तरी दुसरे काय? खाली विस्तव, वर विस्तव.

या पद्धतीचे दोन पदार्थ आपल्याच किनारपट्टीवर आहेत आणि ते मुलांसाठीच जन्माला आले असावेत, असे मला वाटते. एक तिखट, एक गोड.

तिखट म्हणजे भानोले. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांत ते कोबीचे होते, तसेच कोलंबीचेही. कमलाबाई ओगले यांचे १९७० साली निघालेले 'रुचिरा' आमच्या घरी आजही हाताशी असते, तेव्हा मापे वाटी-चमच्याचीच सांगते. बारीक चिरलेली कोबी दोन वाट्या, डाळीचे पीठ सव्वा वाटी, तांदळाचे पीठ पाव वाटी, नारळाचे दाट दूध अर्धी वाटी, आले-लसूण-मिरचीचे वाटण मुलांना सोसेल इतके, हळद, मीठ, कोथिंबीर आणि तेल तीन चमचे. मिठामुळे कोबीला पाणी सुटते, म्हणून दूध सगळे एकदम ओतू नये. पीठ भज्यांच्या पिठाहून घट्ट असावे. पसरट, जाड बुडाच्या पातेल्याला तेल माखून ते इंचभर जाडीने थापावे, झाकण घालावे आणि पातेले तव्यावर ठेवून तवा मंद आचेवर ठेवावा. वीस-पंचवीस मिनिटांनी कडा सुटल्या की ताटलीवर उलटे करून पुन्हा पातेल्यात सरकवावे आणि दुसरी बाजू दहा मिनिटे भाजावी. गॅसवर वरचे निखारे ठेवता येत नाहीत. ती उणीव ही उलथापालथ भरून काढते. विजेचा ओव्हन असेल तर १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटे. निवल्यावर चौकोनी वड्या कापाव्यात. गरम असताना कापल्यास भुगा होतो. यात कोबी लपलेली नाही, चांगली दिसते आहे. तरीही पहिल्या वेळी धाकट्याने फक्त कडेचा कुरकुरीत भाग खाल्ला आणि मधला ताईला दिला. चौथ्या-पाचव्या वेळी मधलाही खाल्ला. वडी खाण्यापूर्वी वर लिंबू पिळावे. लिंबातले 'क' जीवनसत्त्व डाळीतले लोह शोषून घ्यायला मदत करते. ते उष्णतेने नष्ट होते, म्हणून भाजण्यापूर्वी नव्हे, खाताना.

गोड म्हणजे तवशाचे धोंडस. गोव्याकडे यालाच तवसळी म्हणतात. श्रावण-भाद्रपदात परसातली मोठाली तवशी पिकू लागली की आमच्याकडे हे होणारच. तवसे कापल्याबरोबर चाखून पाहावे. कडू निघाले तर सगळे वाया जाते. तांदळाचा रवा एक वाटी घेऊन तुपावर गुलाबी भाजावा. त्यात तवशाचा कीस त्याच्या पाण्यासकट दोन वाट्या, गूळ पाऊण वाटी, ओले खोबरे अर्धी वाटी, चिमूटभर मीठ आणि किसलेले आले किंवा वेलदोडा घालून, झाकण ठेवून रवा मऊ शिजू द्यावा. फार कोरडे वाटल्यास थोडे नारळाचे दूध. मग तूप लावलेल्या पातेल्यात थापून अर्धा तास मंद आचेवर भाजावे. ना अंडे, ना सोडा, ना मैदा. तरी सुरीने कापून केकसारखा तुकडा हातात येतो. पुतणीने वाढदिवसाला वर्गमैत्रिणींना हाच 'हिरवा केक' खाऊ घातला, आणि दोघींच्या आयांनी कृती विचारून घेतली. मात्र गूळ म्हणजे पौष्टिक, तेव्हा कितीही चालेल, असा जो समज आहे तो बरोबर नाही. गूळही साखरच आहे. आठवड्यातून एकदा, एवढाच नियम आम्ही ठेवला आहे.

रोजच्या रात्रीसाठी या दोन्हींना वेळ नसतो. तेव्हा उपयोगी पडतात ती वरणफळे. पुण्याकडे चकोल्या म्हणतात तीच. तुरीचे पातळसर वरण आमसूल आणि गूळ घालून फोडणीला टाकायचे, आणि हळद, ओवा, मीठ घालून भिजवलेल्या कणकेची पोळी लाटून तिचे तुकडे त्या उकळत्या वरणात सोडायचे. दहा-बारा मिनिटांत एका पातेल्यात जेवण तयार. गव्हात लायसिन हे आवश्यक द्रव्य कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत जे कमी ते गव्हात. ही सांगड पुस्तकात वाचताना रुक्ष वाटते, वरणफळात तिच्यावर तूप पडते. तुकडे कापायचे काम मी मुलांकडे दिले. शंकरपाळ्यांचे कातणे, एक वाटी, औषधाच्या बाटलीचे स्वच्छ धुतलेले झाकण, एवढी हत्यारे. चंद्र, तारे आणि एक कसाबसा हत्ती तयार होतो. मग ताटात "आत्या, माझा हत्ती कुठे गेला?" म्हणून शोध सुरू होतो, आणि हत्ती सापडेपर्यंत वाटी संपलेली असते.

आईला सुरुवातीला हे रुचले नाही. "अगं, मुलाला कशाला कणकेत हात घालायला लावतेस? ताई आहे ना!" असे ती म्हणाली. मी म्हटले, "आई, जेवायला दोघे बसतात, तर मळायलाही दोघे बसू देत." ती काही बोलली नाही, परंतु दुसऱ्या दिवशी परात तिनेच त्याच्यापुढे सरकवली. त्यानंतर एका रविवारी दादाही कोबी चिरायला बसला. ती फार जाड चिरली गेली, पण कोणी काही बोलले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. धाकट्याचे रक्त वाढले ते डॉक्टरांच्या औषधाने, भानोल्याने नव्हे. भानोल्याचे आणि वरणफळांचे काम वेगळे होते. ताट पुढे आले की तोंड फिरवायचे, ही जी सवय जडली होती ती सुटली. आणि वहिनी सातला दमून घरात येतात तेव्हा त्यांच्यापुढे भुकेले, चिडलेले मूल नसते, हा लाभ कोणत्याही तक्त्यात मांडता येणार नाही.

राहता राहिली बिस्किटे. ती घरातून हद्दपार करता आली नाहीत, तेव्हा ती घरीच करायची ठरवली. नानकटाई त्याला सोयीची. साजूक तूप अर्धी वाटी आणि पिठीसाखर अर्धी वाटी हाताने हलकी होईपर्यंत फेसायची, त्यात नाचणीचे पीठ अर्धी वाटी आणि कणीक अर्धी वाटी. नाचणीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून तिची पोळी लाटताना फाटते. पण नानकटाईला नेमका तोच ठिसूळपणा हवा असतो. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गव्हाच्या कितीतरी पट. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरात नाचणीला एकदम मान मिळाला; आमच्याकडे भाकरी आणि आंबील यांच्या रूपाने ती होतीच.

भाजण्यासाठी जुन्या जाड पातेल्यात इंचभर मीठ पसरावे, वर एक लहान तिवई ठेवावी, झाकून दहा मिनिटे तापू द्यावे आणि मग तूप लावलेल्या थाळीत गोळे मांडून ती आत ठेवावी. मिठामुळे आच सगळीकडे सारखी लागते. वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. पुष्कळ जणी यासाठी कुकर वापरतात, पण पाण्याशिवाय कुकर तापवल्यास त्याची सुरक्षा झडप वितळण्याचा संभव असतो. जुने पातेले बरे. पूर्वी दिवाळीच्या आधी गावातल्या बेकरीच्या भट्टीवर घरोघरचे नानकटाईचे पत्रे जात. आईच्या आठवणीत आपला पत्रा ओळखू यावा म्हणून प्रत्येकीची खूण वेगळी असे, कुणाची लवंग, कुणाचा बदामाचा काप. आमची खूण चारोळी होती, आणि अजूनही धाकटा प्रत्येक गोळ्यावर एक चारोळी दाबून बसवतो.

थाळीतून काढताना थोड्या तुटतातच. गरम असताना हात लावू नये. निवल्या की घट्ट होतात. तुटलेल्यांचा चुरा दुधात घालून चमच्याने खाता येतो. तो चुरा मिळावा म्हणून दोन-चार मुद्दाम तोडल्या जातात, असा माझा संशय आहे.