विषय शिक्षक होताना : पदवीच्या पहिल्या वर्षापासूनची तयारी



परभणी, पूर्णा, जिंतूर, गंगाखेड, पालम या भागांतून आपली मुले-मुली दरवर्षी बी.ए., बी.एस्सी. होतात. पुढे काय करणार असे विचारले, की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, "बी.एड. करायचे आणि मास्तर व्हायचे." इच्छा चांगली आहे. परंतु बी.एड. पूर्ण झाल्यावर अनेकांना कळते, की आपल्या विषयाला जागा थोड्या आहेत, एक परीक्षा द्यायची राहिली आहे, किंवा जात वैधता प्रमाणपत्राचा अर्जच केलेला नाही. तोपर्यंत वडिलांच्या मजुरीतले पैसे आणि उमेदीची दोन-तीन वर्षे खर्च झालेली असतात. हे टळावे म्हणून ही माहिती क्रमाने देत आहे.

शिकवण्यासाठी तयारी लागते ही गोष्ट आपल्याला नवी नाही. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या फुले दांपत्यापैकी सावित्रीबाईंनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते. आजच्या उमेदवारानेही नोकरीच्या आधी तयारीचा विचार करावा.

१. कोणत्या वर्गाला कोणती पात्रता?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार शिक्षकाची किमान पात्रता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ठरवते.

इयत्ता ६ वी ते ८ वी : पदवी, त्यासोबत डी.एल.एड. (जुने डी.एड.) किंवा बी.एड., आणि शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटीचा दुसरा पेपर उत्तीर्ण.

इयत्ता ९ वी व १० वी : संबंधित विषयाची पदवी आणि बी.एड.

इयत्ता ११ वी व १२ वी : त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बी.एड. झालेला उमेदवार १ ली ते ५ वीच्या वर्गांसाठी पात्र नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला आहे. लहान मुलांना शिकवण्याची आवड असेल, तर बारावीनंतर डी.एल.एड.चाच मार्ग धरावा.

२. विषयाची निवड

वरील कायद्याच्या परिशिष्टात ६ वी ते ८ वीसाठी शिक्षकांचे तीन गट सांगितले आहेत : विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे, आणि भाषा. दर ३५ विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक असावा असेही त्यात म्हटले आहे. शाळेतील पदे विद्यार्थ्यांच्या पटावर मंजूर होतात. त्यामुळे बी.ए.ला सोपे म्हणून किंवा मित्राने घेतले म्हणून विषय घेऊ नयेत. हा विषय शाळेत शिकवला जातो का आणि तो कोणत्या गटात बसतो, हे प्रवेशाचा अर्ज भरतानाच प्राध्यापकांना विचारावे. शाळेत न शिकवला जाणारा विषय घेऊन पदवी घेतली, तर बी.एड.ला अध्यापन पद्धती निवडताना अडचण येते. ती पुढे दुरुस्त करणे फार कठीण जाते.

३. बी.एड.चा प्रवेश

पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात. राज्यातील मागासवर्गीय उमेदवारांसाठी ही अट ४५ टक्के आहे. प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. तिच्यात बौद्धिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता हे भाग असतात. २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. त्यात किमान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. काही जण हे आठवडे केवळ सही मिळवण्यात घालवतात. असे करू नका. पुढे वर्गात उभे राहण्याचे धैर्य याच आठवड्यांत येते.

खर्चासाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर वेळेत भरावा. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिच्या अटी समाज कल्याण कार्यालयातून समजून घ्याव्यात.

४. टीईटी

महाराष्ट्रात ही परीक्षा २०१३ पासून महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे घेते. दुसऱ्या पेपरात १५० गुणांचे १५० प्रश्न असतात व वेळ अडीच तास. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र ३०, पहिली भाषा ३०, दुसरी भाषा ३०, आणि गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे ६० अशी गुणांची विभागणी आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात. मागासवर्गीयांना ५५ टक्क्यांची सवलत आहे. तरीही अभ्यास मात्र शंभर गुणांचाच करावा.

अभ्यासाची सुरुवात बालभारतीच्या ६ वी ते ८ वीच्या पुस्तकांपासून करा. गाईडे त्यानंतर. पियाजे, व्हायगॉट्स्की, कोहलबर्ग यांची नावे पाठ करून भागत नाही, त्यांचे म्हणणे वर्गात कसे दिसते ते समजले पाहिजे. नमुन्यादाखल एक प्रश्न पाहा. सहावीतील मुलगी म्हणते, १/४ हा १/३ पेक्षा मोठा, कारण ४ ही संख्या ३ पेक्षा मोठी आहे. शिक्षकाने काय करावे? नियम सांगून दहा वेळा लिहायला लावणे हे उत्तर चूक. मुलीने पूर्णांकांचा अनुभव अपूर्णांकाला लावला आहे, हे आधी ओळखायचे. मग एक भाकरी तिघांत आणि तेवढीच भाकरी चौघांत वाटून कोणाचा तुकडा मोठा, हे तिलाच ठरवू द्यायचे. मुलाची चूक कुठून आली हे शोधण्याची सवय लागली, की या ३० गुणांची धास्ती राहत नाही.

२०२१ च्या निर्णयानुसार टीईटीचे प्रमाणपत्र आजीवन वैध झाले आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील शिक्षकांनाही ही परीक्षा आवश्यक ठरवली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्यांना त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. यावरून परीक्षेचे महत्त्व ध्यानात यावे.

५. टेट आणि पवित्र पोर्टल

टीईटी आणि टेट यांची गल्लत करू नका. टीईटी ही पात्रता परीक्षा आहे. टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. तिच्या गुणांवर निवडीचा क्रम ठरतो. अभियोग्यता १२० आणि बुद्धिमत्ता ८० असे २०० प्रश्न दोन तासांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ३६ सेकंद. घड्याळ लावून सराव केल्याशिवाय हा वेग येत नाही. ९ वी ते १२ वीसाठी टीईटी लागत नाही, पण टेट लागते.

ही चाचणी २०१७ मध्ये झाली, त्यानंतर थेट २०२३ मध्ये आणि पुढे २०२५ मध्ये. जाहिरात आल्यावर अभ्यासाला लागू असे म्हणणाऱ्यांची संधी हुकते आणि पुढची कधी येईल ते सांगता येत नाही. रोज तासभर गणित, तर्क व भाषेचा सराव सुरूच ठेवावा.

चाचणीच्या गुणांवर पवित्र पोर्टलमार्फत निवड होते. मुलाखतीसह पद भरणाऱ्या खासगी संस्थांकडेही उमेदवार याच पोर्टलवरून जातात. मी १९९० च्या दशकात बी.एड. होऊन मुलाखतींना फिरत होतो, तेव्हा एका संस्थेत मला विषयाचा एकही प्रश्न विचारला नाही. "किती देता?" एवढेच विचारले. घरी दोन एकर कोरडवाहू होते. वडील विकायला तयार झाले. मी नको म्हणालो, आणि आणखी तीन वर्षे शिकवण्या घेत काढली. त्या निर्णयाचा मला आजही पश्चात्ताप नाही. पैसे देऊन काम करून देतो म्हणणारे आजही भेटतात. २०१९ च्या टीईटीतील गुणांच्या फेरफाराचे प्रकरण उघडकीस आल्यावर २०२२ मध्ये साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. पैसा गेला, नोकरीची आशा गेली आणि नावाला डागही लागला.

६. कागदपत्रे

जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून पदवी चालू असतानाच अर्ज करावा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. आपल्या अनेक घरांत १९५६ नंतरच्या दाखल्यांवर केवळ 'बौद्ध' एवढीच नोंद असते. अशा वेळी आजोबांच्या शाळेतील प्रवेश निर्गम नोंदवहीचा उतारा शोधावा. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजाम राजवटीत असल्याने जुन्या महसुली नोंदी उर्दूत सापडतात. त्यांचे भाषांतर करून घ्यावे. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर चुलत आजोबा आणि इतर रक्तनात्यातील पुरावे पाहावेत. घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारा. ही माहिती त्यांच्याकडेच असते.

शेवटी एवढेच सांगतो. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळुसकर गुरुजींनी एका मुलाला वेळेवर ओळखले आणि त्याच्या हाती योग्य पुस्तक ठेवले. तुम्ही उद्या ज्या वर्गात जाल, तिथेही असा एखादा मुलगा, एखादी मुलगी मागच्या बाकावर बसलेली असेल. तिला ओळखण्याइतकी तयारी करून वर्गात जा.

आपणा सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा. जयभीम!