आधी डबा, मग सर्किट

घरच्या घरी ॲम्प्लिफायर बनवणाऱ्यांना, विशेषतः या छंदात नव्याने उतरणाऱ्यांना, माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे: आधी डबा ठरवा, सर्किट नंतर निवडा. सगळीकडे दिसणारा क्रम याच्या नेमका उलटा असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून आयसी, पीसीबी, ट्रान्सफॉर्मर आणि दोन जाडजूड कपॅसिटर आणले जातात. दोन-चार बैठकांत सोल्डरिंग उरकतं, गाणं वाजतं आणि तिथेच काम संपल्यासारखं वाटतं. मग प्लायवूडच्या तुकड्यावर स्क्रूने आवळलेली ती मांडणी महिनोन्महिने टेबलावर उघडीच वाजत राहते. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला येणारे 230 व्होल्ट चिकटपट्टीच्या एका वेटोळ्याआड असतात. उन्हाळ्यात त्या पट्टीचा गोंद सुटतो आणि घरातल्या कुणाचाही हात उघड्या तारेपर्यंत पोचू शकतो. डबा म्हणजे शेवटी, पैसे उरले तर करायची सजावट, या समजुतीतून हे घडतं. डबा हा सर्किटचाच भाग आहे. ॲम्प्लिफायर किती सुरक्षित असेल, किती शांत वाजेल आणि किती वर्षं टिकेल, हे आयसीपेक्षा डब्यावर जास्त अवलंबून असतं.

सर्किटचा प्रश्न आता बहुतांशी सुटलेला आहे. डी. टी. एन. विल्यमसन यांनी 1947 मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात आपल्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची रचना छापली, तेव्हा तितका स्वच्छ आवाज घरी मिळवणं ही फार मोठी गोष्ट होती. त्याच मासिकात 1969 मध्ये जे. एल. लिन्स्ली हूड यांनी प्रत्येक चॅनेलला चारच ट्रान्झिस्टर वापरून 10 वॉटचा क्लास-ए ॲम्प्लिफायर करून दाखवला आणि देशोदेशीच्या हौशी मंडळींनी तो बनवला. आज एलएम3886 किंवा टीडीए7294 सारख्या एकाच आयसीच्या माहितीपत्रकात पूर्ण सर्किट, प्रत्येक रेझिस्टरचं मूल्य आणि डिस्टॉर्शनचे आलेख छापलेले असतात. पण ती मोजमापं उत्पादकाने नीट आखलेल्या आणि नीट थंड ठेवलेल्या बोर्डावरची असतात. तुमच्या डब्यात ट्रान्सफॉर्मर कुठे बसेल, तारा कोणत्या वाटेने जातील, गरम हवा कुठून बाहेर पडेल, यातलं काहीच त्या पत्रकात नसतं. घरी बनवणाऱ्याची अक्कल आणि कौशल्य लागतं ते इथे.

याचा सर्वांत सहज मिळणारा पुरावा म्हणजे हमिंग. स्पीकरजवळ कान नेला की ऐकू येणारा तो सततचा घुमारा बहुतेकजण 'आयसी नकली निघाला' किंवा 'कपॅसिटर कमी पडला' या खात्यावर टाकतात. बाजारात नकली आयसी असतात हे खरं, पण हमिंगचा सूर लक्ष देऊन ऐकला तर तो स्वतःच आपलं उगमस्थान सांगतो. आपल्या विजेची कंप्रता 50 हर्ट्झ. घुमारा 50 हर्ट्झचा, खोल आणि मऊ असेल, तर तो ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून इनपुटच्या तारेत शिरतो आहे किंवा दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरून येतो आहे. ब्रिज रेक्टिफायरनंतर मात्र लहरी दुप्पट होतात. म्हणून 100 हर्ट्झचा, थोडा खरखरीत, धार असलेला आवाज आला तर दोष रेक्टिफायरपुढच्या ग्राउंडच्या जोडणीत शोधावा. मोठे कपॅसिटर सलग भरत नाहीत. प्रत्येक लहरीच्या शिखराशी अगदी थोड्या वेळात मोठा प्रवाह ओढून घेतात. ज्या तारेतून हे झटके जातात त्याच तारेवर इनपुटचं ग्राउंड जोडलं, तर त्या तारेच्या किंचितशा रोधावर पडणारे काही मिलिव्होल्टही गाण्याबरोबर वाढवले जातात. त्यावर आणखी 10,000 मायक्रोफॅरड लावून उपयोग होत नाही, उलट झटके तीव्र होतात. उपाय मांडणीचा आहे: दोन्ही कपॅसिटरांचा मधला बिंदू आधी एका आखूड, जाड तारेने बांधायचा, तिथून वेगळी तार काढून ग्राउंडचा एक सामाईक बिंदू करायचा आणि स्पीकर, पीसीबी, इनपुट यांची ग्राउंडं स्वतंत्रपणे तिथे आणायची.

गोष्ट हमिंगपुरतीच नाही. क्लास-बी पद्धतीच्या ॲम्प्लिफायरमध्ये धन आणि ऋण बाजूच्या तारांतून आळीपाळीने अर्ध्या-अर्ध्या लहरी वाहतात. त्यांचं चुंबकीय क्षेत्र जवळच्या इनपुटच्या तारेत शिरून डिस्टॉर्शन वाढवतं, हे ई. एम. चेरी यांनी 1981 मध्ये दाखवलं. डग्लस सेल्फ यांच्या पॉवर ॲम्प्लिफायरवरच्या पुस्तकातही या दोषाला ठळक जागा आहे. सर्किट तेच, भाग तेच, आणि नुसत्या तारा एकमेकींना पीळ देऊन इनपुटपासून दूर नेल्या की मोजमाप बदलतं. म्हणून 'डब्यातून थोडाच आवाज येतो' हा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. तारांची वाट डबा ठरवतो. त्याची रुंदी आधी ठरलेली असेल तर ट्रान्सफॉर्मर एका टोकाला आणि इनपुट दुसऱ्या टोकाला ठेवता येतं. डबा शेवटी शोधला तर जिथे जागा उरेल तिथे ट्रान्सफॉर्मर कोंबावा लागतो. अनेक स्वस्त संचांत व्हॉल्यूमच्याच बटणात मेन्सचा स्विच असतो. तो घरी बनवताना टाळावा, कारण त्यामुळे 230 व्होल्टच्या तारा पुढच्या पट्टीवर, अगदी इनपुटच्या मांडीला मांडी लावून येतात.

आता अर्थिंगबद्दल, आणि इथे मी सौम्यपणे बोलणार नाही. 'अर्थिंग जोडलं की हमिंग येतं, पिन काढली की जातं' हा सल्ला या छंदात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि तो जीवघेणा आहे. निरीक्षण खरं आहे. संगणक आणि ॲम्प्लिफायर दोघेही अर्थिंगला जोडलेले असतील तर ऑडिओच्या केबलचं आवरण आणि अर्थिंगची तार मिळून एक मोठा वेढा तयार होतो, त्यात प्रवाह फिरतो आणि घुमारा येतो. पण पिन काढल्यावर आवाज थांबतो तेव्हा दुसरीही एक गोष्ट थांबते. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फाटून फेज धातूच्या डब्याला लागला, तर फ्यूज उडवणारा मार्गच उरत नाही. डबा मुकाट्याने 230 व्होल्टवर उभा राहतो आणि त्याला पहिला हात लावणारा माणूस तो मार्ग पुरा करतो. हमिंग घालवण्याचा योग्य रस्ता असा: धातूचा डबा थेट अर्थिंगलाच जोडलेला ठेवायचा, आणि आतलं ग्राउंड डब्याला 10 ओहमच्या रेझिस्टरमधून जोडायचं. त्या रेझिस्टरला समांतर, उलटसुलट दिशांना दोन दणकट डायोड लावायचे. वेढ्यातला क्षीण प्रवाह रेझिस्टर अडवतो आणि बिघाडातला मोठा प्रवाह डायोड वाहून नेतात. अर्थिंगच्या तारेसाठी डब्याला वेगळा बोल्ट असावा, त्याखालचा रंग खरवडून काढलेला असावा, दातेरी वॉशर असावा, आणि त्या बोल्टवर दुसरं काही आवळू नये. भिंतीतल्या सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे मागे अर्थिंग आहेच, असंही समजू नये. जुन्या घरांत ते भोक कित्येकदा रिकामंच असतं. एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं आणि शक्य असेल तर 30 मिलिॲम्पियरची आरसीसीबी बसवून घ्यावी.

फ्यूजचंही तसंच. 100 व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण भारावरसुद्धा मेन्समधून अर्ध्या ॲम्पियरहून कमी प्रवाह घेतो. तिथे 5 ॲम्पियरचा फ्यूज लावल्याने काहीच वाचत नाही. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढतो, म्हणून स्लो-ब्लो फ्यूज घ्यावा, मोठ्या आकड्याचा घेऊ नये. याच ट्रान्सफॉर्मरची आणखी एक अडचण डबा बनवणाऱ्याला माहीत हवी: त्याच्या मधोमध जाणारा बोल्ट खाली तळाला आणि वर झाकणालाही टेकला, तर बोल्ट आणि डबा मिळून एक शॉर्ट झालेला वेढा बनतो आणि ट्रान्सफॉर्मर तापून जळू शकतो. झाकणाची उंची ठरवताना हे अंतर राखावंच लागतं.

उष्णतेचा हिशेब आपल्याकडे जास्त कडक करायला हवा. ±25 व्होल्टवर चालणारा एलएम3886 8 ओहमच्या स्पीकरला वाजवताना जास्तीत जास्त सुमारे 16 वॉट उष्णता टाकतो, 4 ओहमला जवळजवळ 32. आयसीच्या आतलं तापमान 150 अंश सेल्सिअसच्या पुढे जाता कामा नये. हिशेब 25 अंशांच्या खोलीचा धरला, तर 4 ओहमसाठी दर वॉटला सुमारे 2.4 अंश तापणारा हीटसिंक पुरतो. पण विदर्भातल्या मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना बंद डब्यातली हवा सहज 55 अंशांवर जाते, आणि मग 1.5 अंशाचा, म्हणजे कितीतरी मोठा हीटसिंक लागतो. तोही एका चॅनेलला. टेबलावर उघडा ठेवून महिनाभर सुखाने वाजलेला ॲम्प्लिफायर डब्यात घातल्यावर दर अर्ध्या तासाने बंद पडायला लागतो, त्याचं कारण बहुधा हेच असतं. हीटसिंक डब्याच्या बाहेर, पाती उभी ठेवून बसवला तर हवा आपोआप वर वाहते. पाती आडवी बसवली की तोच हीटसिंक कमी पडतो. शिवाय टीडीए7294 चा, किंवा एलएम3886 च्या साध्या प्रकाराचा, पाठीचा धातू ऋण पुरवठ्याला जोडलेला असतो. मायका वॉशर आणि प्लॅस्टिकचा बुश विसरून तो डब्याला आवळला तर ऋण पुरवठा शॉर्ट होतो. वीज देण्याआधी मल्टिमीटरने तपासायला मिनिटही लागत नाही.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. चांगला ॲल्युमिनियमचा डबा अनेकदा आतल्या सगळ्या भागांपेक्षा महाग पडतो, आणि विद्यार्थ्याला तो परवडत नाही. पण डबा म्हणजे दुकानातलं चकचकीत कॅबिनेटच, असं थोडंच आहे? भंगारात गेलेल्या डीव्हीडी प्लेअरची किंवा स्टॅबिलायझरची लोखंडी पेटी चालते. संगणकाच्या जुन्या पॉवर सप्लायची पेटी तर उत्तम: तिच्यात थ्री-पिन सॉकेट असतो, हवेला जाळी असते. (आतलं जुनं काही उलगडण्यापूर्वी तिचे कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करावी.) लाकडाची हौस असेल तर तीही पुरवावी, पण लाकूड बाहेरून. आत धातूचा तळ आणि मेन्सच्या भागावर धातूचं आवरण हवंच. नुसतं प्लायवूड बाहेरचा विद्युत गोंगाट अडवत नाही आणि ठिणगी पडली तर पेट घेतं.

आणखी एक आक्षेप नव्या पिढीचा आहे: क्लास-डीचे बोटभर बोर्ड आता स्वस्त मिळतात, फारसे तापत नाहीत, 24 व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात, मग हा सगळा पसारा कशाला? सुरुवात करणाऱ्याने तसा बोर्डच घ्यावा, असं मीही म्हणेन, आणि कारण हेच की त्यात मेन्स डब्याबाहेर, बंद अडॅप्टरमध्ये राहतो. म्हणजे इथेही सुरक्षितता ठरवली ती डब्यानेच. फक्त तो डबा दुसऱ्या कुणीतरी बनवलेला आहे. म्हणून त्या अडॅप्टरवर बीआयएसची नोंदणी खूण पाहावी. पैसे वाचवण्यासाठी उघडा एसएमपीएस आणून टेबलावर ठेवला तर सगळा फायदा गेला, कारण त्याच्या आतल्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी उभे असतात. शिवाय क्लास-डीचा बोर्ड लाखो हर्ट्झने चालू-बंद होत असतो. टीपीए3116 ची ही कंप्रता 400 किलोहर्ट्झपासून 1.2 मेगाहर्ट्झपर्यंत ठेवता येते, आणि मध्यमलहरींचा पट्टा 531 ते 1602 किलोहर्ट्झचा आहे. शेजारच्या खोलीत आकाशवाणी ऐकणाऱ्याला त्रास होऊ नये एवढ्यासाठी तरी धातूची पेटी आणि स्पीकरच्या आखूड तारा हव्यात.

कुणी म्हणेल, उघड्या टेबलावर शिकता येतं, भाग बदलून पाहता येतात, डबा झाला की हात बांधले जातात. शिकण्याचा हा आनंद मला मोलाचा वाटतो, म्हणूनच डबा आधी करा असं म्हणतो. तळ, अर्थिंगचा बोल्ट, फ्यूजसह सॉकेट, झाकलेली प्रायमरी आणि बसवलेला ट्रान्सफॉर्मर एवढं पहिल्या दिवशी तयार असेल, तर वरची पट्टी उघडी ठेवून पुढचे सगळे प्रयोग निर्धास्त करता येतात. प्रत्येक मोठ्या कपॅसिटरला समांतर 2.2 किलोओहम, 1 वॉटचा रेझिस्टर कायमचा लावावा. 10,000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्यातून दोनेक मिनिटांत रिकामा होतो. नाहीतर 35 व्होल्टवर त्यात सहा जूल ऊर्जा साठून राहते. तिने शॉक बसणार नाही, पण बोटातली अंगठी टोकांना टेकली तर चटका बसेल.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज बोर्ड वापरावा: फेजच्या वाटेत 60 किंवा 100 वॉटचा तारेचा बल्ब. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, आणि जळण्याची वाट न पाहता बंद करता येतं. मग स्पीकर न जोडता आउटपुटवरचा डीसी मोजावा. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तरच एखादा जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर लावावा. अर्थिंगच्या पिनेपासून डब्याच्या प्रत्येक उघड्या स्क्रूपर्यंत मल्टिमीटरने जोडणी तपासावी, रंगाच्या थरामुळे झाकण सुटं राहिलेलं असू शकतं. शेवटी सिरीज बल्ब काढून, झाकण लावून, तासभर मोठ्या आवाजात वाजवावा आणि हीटसिंकवर बोट ठेवून पाहावं. बोट पाच सेकंदही टिकत नसेल, तर झाकणाला आणखी भोकं पाडावी लागतील किंवा हीटसिंक मोठा घ्यावा लागेल.