हात बरा झाला, पण धोका टळला नाही

आमच्या शेजारी आबा राहतात. तेव्हा त्यांचे वय चौसष्ट होते. मधुमेह होता, पण गडी कष्टाळू. एके सकाळी ओट्यावर चहा पिताना त्यांच्या उजव्या हातातून कप निसटला. हात लुळा पडला. वीस मिनिटे तो तसाच होता. मग बोटे हलू लागली. आबा हसून म्हणाले, "गुरुजी, हात अवघडला होता वाटतं."

मीही म्हणालो, "पित्त झालं असेल. आज रानात जाऊ नका, जरा पडा."

त्यांची सून म्हणाली, "मामंजी, दवाखान्यात जाऊन येऊ या." आम्ही दोघांनी तिचे ऐकले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबांचे उजवे अंग गेले. वाचाही गेली. आज चार वर्षे ते अंथरुणावर आहेत.

मुलांच्या चुका मी जन्मभर तांबड्या शाईने दाखवल्या. ही चूक माझी आहे. तुमच्या हातून ती होऊ नये, म्हणून हा धडा.

असे का होते?

पिकाला पाटाचे पाणी लागते, तसे मेंदूला रक्त लागते. रक्तवाहिनीत गुठळी अडकली, की मेंदूच्या तेवढ्या भागाला रक्त मिळत नाही. मग हात लुळा पडतो, नाहीतर जीभ अडखळते. कधी कधी गुठळी लवकर विरघळते आणि माणूस बरा होतो. याला डॉक्टर 'टीआयए' म्हणतात. आपण 'लहान झटका' म्हणू. पण पाटातला कचरा वाहून गेला, तरी तो जिथून येतो ती जागा तशीच राहते. म्हणून पुढच्या दोन दिवसांत मोठ्या झटक्याची भीती फार असते.

धोका कसा मोजतात?

अमेरिका व इंग्लंड येथील डॉक्टरांनी २००७ साली एक गुणपत्रक प्रसिद्ध केले. ते असे :

वय ६० किंवा जास्त – १ गुण.
रक्तदाब वरचा १४० किंवा खालचा ९०, अगर त्याहून जास्त – १ गुण.
अंगाची एक बाजू लुळी पडली – २ गुण. लुळी पडली नाही, पण बोलणे बिघडले – १ गुण.
त्रास एक तास किंवा जास्त टिकला – २ गुण. १० ते ५९ मिनिटे टिकला – १ गुण.
मधुमेह – १ गुण.

शाळेत जास्त गुण मिळाले, की आपण पेढे वाटतो. इथे उलटे आहे. जास्त गुण, जास्त धोका. तीनपर्यंत गुण असतील, तर दोन दिवसांत शंभरात एकाला मोठा झटका येतो. चार-पाच असतील, तर चौघांना. सहा-सात असतील, तर आठ जणांना.

आबांचे गुण मोजा. वयाचा एक, लुळ्या हाताचे दोन, वीस मिनिटांचा एक, मधुमेहाचा एक. झाले पाच. रक्तदाब तर कुणी मोजलाच नव्हता!

पण कमी गुण म्हणजे घरी बसायची परवानगी नव्हे. शंभरातला तो एक आपणच नसू कशावरून? इंग्लंडमध्ये २०१९ साली डॉक्टरांना सांगण्यात आले, की नुसत्या गुणांवरून घाई ठरवू नका. नुकताच लहान झटका आलेल्या माणसाला २४ तासांत तज्ज्ञाने तपासावे. मेंदूचा स्कॅन, मानेतल्या रक्तवाहिन्या, हृदयाचे ठोके हे पाहिल्यावर खरे कारण कळते.

वेळेवर गेल्याने काय होते? ऑक्सफर्ड येथे पूर्वी अशा रोग्यांपैकी शंभरात दहा जणांना तीन महिन्यांत मोठा झटका येई. तपासणीबरोबर लगेच औषध सुरू केले, तेव्हा तो दोघांनाच आला. ही गोष्ट २००७ साली प्रसिद्ध झाली.

आपण काय करावे?

तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, एका डोळ्याने एकाएकी दिसेनासे झाले, तर लगेच १०८ ला फोन करा. बरे वाटले तरी जा. त्रास किती वाजता सुरू झाला, किती वेळ टिकला, ते सांगा. आपल्या मनाने गोळी देऊ नका. कधी गुठळी नसते, मेंदूत रक्तस्राव झालेला असतो.

प्रश्न

१. हात बरा झाला, तरी धोका का राहतो?
२. आबांचा रक्तदाब १५० असता, तर त्यांचे गुण किती झाले असते?
३. आबांच्या घरात बरोबर कोण बोलले? तुमच्या घरात तिचे ऐकतील का?